डहाणूचा चित्रकार : जिव्या सोमा मशे

चित्रकार हा शब्द उच्चारला की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठराविक आकृती उभी राहते. भरपूर उजेडाची खोली, तिकाटण्यावर ताणलेले कापड, रंगांच्या नळ्या आणि निरनिराळ्या जाडीचे कुंचले ही त्याची सामग्री. कलाशाळेत चार-पाच वर्षे काढावीत, प्रदर्शनांत पारितोषिके मिळवावीत आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात ऐटदार सही करावी, म्हणजे मनुष्य चित्रकार या पदवीस पोहोचतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु मुंबईपासून रेल्वेने अवघ्या सव्वाशे किलोमीटरांवर एक असा मुलूख आहे, की जेथे चित्र काढण्याचे काम पिढ्यान् पिढ्या घरच्या बायकांकडे होते. त्या चित्राला चौकट नव्हती, सही नव्हती आणि किंमतही नव्हती. भिंत हेच त्याचे कापड, तांदळाचे पीठ हाच त्याचा रंग आणि पुढच्या सारवणापर्यंत किंवा पावसापर्यंत जेवढे टिकेल तेवढे त्याचे आयुष्य. त्या मुलुखातील एका मनुष्याने ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, आणि गावकुसापलीकडे फारसे न गेलेल्या त्या रेषा मिलानपर्यंत पोहोचविल्या. त्याचे नाव जिव्या सोमा मशे.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातील दोन तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात मोडत असत. डहाणूच्या पश्चिमेस समुद्र, माडताडांच्या रांगा आणि चिकूच्या वाड्या. रेल्वेची सडक ओलांडून पूर्वेकडे वळले की मुलूख पालटत जातो. जमीन उंचसखल होते, भाताची खाचरे, गवताचे माळ आणि सागाची राने दिसू लागतात, आणि दूरवर सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या उभ्या राहतात. हा वारल्यांचा मुलूख. ‘वारल’ म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, आणि तो कसणारा तो वारली, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. ती खरी मानली तर या लोकांच्या नावातच शेती आहे असे म्हणावे लागेल. त्यांच्या बोलीला स्वतःची लिपी नाही. तथापि चित्र काढणे या क्रियेला त्यांच्या बोलण्यात जो शब्द येतो तो ‘लिहिणे’ हाच आहे. वारली स्त्री चौक काढीत नाही, ती चौक लिहिते. संस्कृतातील ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेखाटणे असा आहे, आणि जुन्या मराठीतही चित्र लिहिले जात असे. नागर भाषेने टाकून दिलेला तो अर्थ डहाणूच्या जंगलपट्टीत जिवंत राहिला.

हा चौक म्हणजे काय, हे समजल्यावाचून मशे यांनी काय केले ते समजावयाचे नाही. वारल्यांचे घर कारवीच्या कुडाचे, वरून शेणमातीने लिंपलेले. लग्न ठरले की घरातील मुख्य भिंत सारवून तिला गेरूचा हात देतात. तांदूळ पाण्यात भिजवून वाटतात, आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून किंवा चावून कुंचला तयार करतात. मग सवाशिणी भिंतीसमोर बसून चौक लिहावयास लागतात. मधोमध एक चौरस, त्याच्या कडांना बारीक नक्षीच्या पट्ट्या आणि आत पालघट देवी. ही सृजनाची, पालवीची, सुफलतेची देवता होय. तिच्या शेजारी सूर्य, चंद्र, फणी, शिडी अशा लग्नाच्या खुणा येतात. जवळच दुसरा एक लहान चौक असतो. त्यात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा पंचशिऱ्या देव असतो. चौकाबाहेर मात्र सगळे रान मोकळे. तेथे झाडे उगवतात, माकडे फांद्यांवर चढतात, कोंबड्या दाणे टिपतात, माणसे ताडावर चढून ताडी उतरवितात आणि तारपा वाजू लागला की नाचणारांचा फेर गुंडाळत जातो. हे लग्न लावणारी पुरोहितही स्त्रीच असते. तिला धवलेरी म्हणतात. तिच्या गाण्यांवाचून आणि भिंतीवरच्या चौकावाचून वारल्यांचे लग्न पुरे होत नाही. म्हणजे हे चित्र शोभेसाठी काढलेले नसते. लग्नातील अक्षतांना जे स्थान, तेच येथे चित्राला आहे.

अशा मुलुखात, तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे, १९३४ साली जिव्या सोमा मशे यांचा जन्म झाला. त्यांच्या बालपणातील एक गोष्ट त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी नमूद केली आहे. जिव्या सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्या आघाताने मुलाची वाचा जणू खुंटली. तो कोणाशी बोलेना. काही हवे असले, काही सांगावयाचे असले, म्हणजे तो जमिनीवरच्या धुळीत बोटाने किंवा काटकीने चित्र काढून दाखवी. ही अवस्था काही वर्षे टिकली, आणि गावात त्या मुलाकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. लिपी नसलेल्या बोलीत वाढलेल्या आणि बोलणेही टाकून दिलेल्या या मुलाला धुळीतल्या रेघांखेरीज दुसरी भाषा उरली नव्हती. चित्र हे ज्यांना फावल्या वेळचे करमणुकीचे साधन वाटते, त्यांनी ही गोष्ट क्षणभर मनात घोळवावी. या मुलाला चित्र साधले नसते तर तहान लागली हेही सांगता आले नसते.

तो काळही साधा नव्हता. डहाणू आणि तलासरीकडील जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या आणि मूळचा कसणारा वारली त्यांच्या शेतावर वेठीने राबत होता. त्यातही ‘लग्नगडी’ म्हणून एक प्रकार होता. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलावयाचे आणि त्यांच्या फेडीपायी नवराबायकोने जन्मभर त्याच्या घरी राबावयाचे, असा तो व्यवहार. म्हणजे ज्या लग्नाच्या भिंतीवर पालघट देवी लिहिली जाई, त्याच लग्नातून गुलामी सुरू होई. भिंतीवरच्या त्या आनंदी चित्राच्या मागे केवढा काळोख होता, हे शहरातील रसिकाला सहसा ठाऊक नसते. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारली एकत्र जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या त्या परिषदेत वेठीला नकार देण्याचा निश्चय झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली ठार झाले, परंतु वेठ आणि लग्नगडी या प्रथा त्या लढ्यानेच मोडल्या. झरीची परिषद भरली तेव्हा जिव्या अकरा वर्षांचा होता. त्या चळवळीत त्याचे नाव कोठे येत नाही. पण तो मोठा झाला तो या बदलत्या मुलुखात, आणि पुढे त्याच्या चित्रांतून जो माणूस शेत नांगरताना दिसतो तो मान वर करून चालतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे मशे डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर येऊन राहिले आणि तेथेच त्यांचा संसार झाला. शेतीची कामे चालूच होती. परंतु चौक लिहिणाऱ्या बायकांचे काम पाहण्याचा त्यांचा नाद सुटला नाही, आणि पाहता पाहता ती सगळी विद्या त्यांच्या हातात उतरली. पुरुषाने चित्र लिहिणे ही त्या समाजात नवलाची गोष्ट होती. मशे यांनी त्यात आणखी एक नवल केले. लग्न असो वा नसो, सण असो वा नसो, ते रोज चित्र काढीत. चौकाला लग्नाचा मुहूर्त लागे, मशे यांच्या हाताला मुहूर्त लागत नसे. वारली चित्रकलेच्या इतिहासात खरा पालट झाला तो या रोजच्या रेखाटण्यात. प्रदर्शने आणि पारितोषिके त्यानंतरची.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने हातमाग आणि हस्तकला यांच्या सरकारी संस्थांतून काम करणारा हा मनुष्य. त्यापूर्वी, १९६०च्या दशकात बिहारात दुष्काळ पडला असता, त्यांनीच मधुबनीच्या स्त्रियांना कागद नेऊन दिले होते. भिंतीवर जे काढता ते कागदावर काढा, म्हणजे त्यातून चार पैसे मिळतील, असा तो साधा उपाय होता. डहाणूकडेही त्यांनी तोच मार्ग धरला. येथे बायका संकोचल्या, परंतु मशे पुढे झाले. त्यांच्या हातची चित्रे पाहताच कुलकर्णी यांना कळून चुकले की हा नुसता परंपरेचा वाहक नव्हे, हा स्वतंत्र प्रतिभेचा चित्रकार आहे. १९७५ साली मुंबईच्या शेमोल्ड कलादालनात मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. दुसऱ्या वर्षी, १९७६ साली, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच सुमारास फ्रान्समधील मांतों या गावीही त्यांची चित्रे मांडली गेली. त्या वेळी मशे बेचाळीस वर्षांचे होते.

आता त्या चित्रांकडे वळले पाहिजे. सामग्री पाहिली तर ती भिंतीचीच आहे. कापडाला किंवा कागदाला शेणाचा किंवा गेरूचा हात दिलेला, आणि त्यावर एकच रंग, पांढरा. पूर्वी तो तांदळाच्या पिठाचा असे. कापड गुंडाळून ठेवले म्हणजे पीठ गळून पडते, म्हणून पुढे बाजारचा पांढरा रंग आला. आकारही मोजके आहेत. वर्तुळ, त्रिकोण आणि चौरस. वर्तुळ सूर्यचंद्रांवरून, त्रिकोण डोंगर आणि झाडाच्या शेंड्यावरून, आणि चौरस हा माणसाने आखलेला, देवतेसाठी राखलेला, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड झाले. वर एक वर्तुळ ठेवले की डोके झाले. स्त्री असेल तर डोक्यामागे अंबाड्याचे आणखी एक लहान वर्तुळ. हातपाय म्हणजे चार रेघा. एवढ्यावर सगळी सृष्टी उभी राहते.

हे वर्णन ऐकून कोणी म्हणेल की यात अवघड ते काय, हे तर मूलही काढील. तसे करून पाहण्यास हरकत नाही. दोन त्रिकोण जोडून माणूस काढणे सोपे आहे. तो माणूस वाकून आवण लावतो आहे, की आवण लावून दमलेली कंबर सरळ करतो आहे, हे त्याच दोन त्रिकोणांतून दाखविणे अवघड आहे. मशे यांच्या चित्रांत दोन धडांमधील कोन रेसभर बदलला की काम बदलते. एक बाई मुसळ वर उचलते आहे आणि दुसरीचे मुसळ उखळात पडले आहे, हे त्या जोडबिंदूवरून कळते. चेहरा कोठेच काढलेला नसतो. नाक नाही, डोळे नाहीत, भाव नाहीत. तरीही कोण रागावले आहे, कोण लगबगीत आहे आणि कोण नुसताच बसून राहिला आहे, हे पाहणाराला सांगावे लागत नाही.

जनावरांच्या बाबतीत तर हे कौशल्य अधिकच प्रत्ययास येते. बैलाचे अंग दोनचार रेघांत संपते, परंतु जू मानेवर आल्यावर बैल खांदा कसा खाली घेतो ते त्या रेघांत असते. कोंबडी मान पुढे काढून चालते, मोराचा पिसारा जमिनीला लागतो, माकड फांदी सोडण्यापूर्वी अंग आखडून घेते, साप वळणांतच राहतो, मुंग्या ओळ मोडून पुन्हा ओळीला लागतात. युरोपातील पशुचित्रकाराने बैल काढला तर त्याचे कातडे, केस, ओल्या नाकपुडीवरचा उजेड हे सर्व येईल. मशे यांच्या बैलाला कातडेच नाही, त्याला आहे ती चाल. जीवन म्हणजे हालचाल, माणूस, पशू, पक्षी, किडामुंगी रात्रंदिवस हलतच असतात, अशा आशयाचे उद्गार ते स्वतः काढीत असत. त्यांच्या चित्रांची गुरुकिल्ली तीच आहे.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या चित्रात क्षितिजाची रेषा नसते. चित्रकार एका जागी उभा राहून पाहतो आहे असे नव्हेच. शेत वरून दिसते, त्यात चालणारा माणूस बाजूने दिसतो, घराच्या आतील कणगीही दिसते आणि बाहेरचे झाडही दिसते. जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा नियमही तेथे चालत नाही. ज्या गोष्टीला प्रसंगात मान तिला आकार मोठा. हे अज्ञान नव्हे, ही निराळी दृष्टी आहे. जो मनुष्य खिडकीतून शेत पाहतो त्याला शेत एका बाजूनेच दिसते. जो त्यात जन्मभर राबला, राब भाजला, पेरले, आवण केले, कापले, झोडपले आणि मळले, त्याला ते चहूंकडून ठाऊक असते, आणि तो जे पाहतो तेवढेच न काढता जे ठाऊक आहे ते काढतो. भाताची ही सगळी कामे, कणसरी या धान्यदेवतेचा मान, तारप्याभोवतीचा फेर आणि वाघदेवाच्या गोष्टी हे त्यांचे आवडते विषय. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांची विशेष वाखाणणी झाली आहे. त्यांत जाळे सगळ्या कापडभर पसरते. हजारो बारीक रेघा एकमेकींना छेदून जातात, लाटेसारख्या वाकतात, आणि त्या पांढऱ्या जाळीत कोठे मासा, कोठे कोळी, कोठे होडी सापडते. दुरून पाहावे तर धुके, जवळून पाहावे तर एकेक आसा हाताने घातलेला.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जोव्हान्नी सेगांतिनी नावाचा एक इटालियन चित्रकार होऊन गेला. त्याचा आणि मशे यांचा काळाचा किंवा देशाचा काही संबंध नाही, परंतु दोघांची चरित्रे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. सेगांतिनीचा जन्म १८५८ साली आल्प्सच्या दक्षिणेस आर्को या गावी झाला. त्याचीही आई तो सात वर्षांचा असताना वारली. पोरका मुलगा मिलान शहरात सावत्र बहिणीकडे टाकला गेला, रस्त्यावर भटकला आणि अखेर सुधारगृहात पडला. तेथे त्याला चांभारकाम शिकवू लागले होते. त्याचीही अक्षरओळख फार उशिराची. पण चित्रकलेने त्याला उचलून धरले. ब्रेरा येथील कलाशाळेत शिकून तो शहर सोडून डोंगरात गेला आणि शेतकरी, मेंढ्या, गाई, गोठे हेच रंगवीत राहिला. रंग मिसळण्याऐवजी शुद्ध रंगांच्या बारीक, सुतासारख्या रेघा शेजारीशेजारी घालण्याची त्याची रीत प्रसिद्ध आहे. १८९९ साली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, उंच डोंगरावर चित्र रंगवीत असता आजारी पडून तो तेथेच वारला. ‘दोन माता’ हे त्याचे १८८९ सालचे भव्य चित्र मिलानच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे. कंदिलाच्या उजेडात गोठा दिसतो, गाय उभी आहे, तिचे वासरू पायाशी पडले आहे आणि जवळच तान्हे मूल मांडीवर घेऊन एक शेतकरीण पेंगते आहे.

रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत पायी हिंडून, वाटेतील दगड-काटक्यांची वर्तुळे आणि रेषा मांडून आपली कला घडवितो. २००३ साली तो वारल्यांच्या मुलुखात येऊन राहिला. त्याची आणि मशे यांची कामे एकत्र मांडणारे प्रदर्शन त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे आणि २००४ साली मिलान येथे भरले. मिलानचे हे प्रदर्शनगृह आधुनिक कलासंग्रहालयाच्या अगदी शेजारी, जुन्या राजवाड्याच्या तबेल्यांच्या जागेवर बांधलेले आहे. म्हणजे मशे यांचे शेणाने सारवलेले कापड जेथे लागले होते, त्याच्या पलीकडचीच इमारत हे सेगांतिनीची गाय, वासरू आणि माता यांचे घर होय. सातव्या वर्षी आई गेलेल्या दोन मुलांच्या चित्रांची घरे अशी शेजारीशेजारी आली. एकाने आई रंगांत शोधली. दुसऱ्याने धुळीत बोलावयास शिकून जी भाषा मिळविली तीत पालघट माता लिहिली.

मानसन्मान पुढे येत गेले. २००२ साली शिल्पगुरू हा किताब, २००९ साली नेदरलँड्समधील प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री. २०१० साली पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात भारतातील आदिवासी व लोककलावंतांचे जे मोठे प्रदर्शन भरले त्यातही त्यांची चित्रे होती. परंतु मशे कळंबीपाडा सोडून शहरात राहावयास गेले नाहीत. घरी शिकावयास येणाऱ्यांना त्यांनी हात आखडला नाही. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले. १५ मे २०१८ रोजी मशे यांचे गंजाड येथे निधन झाले.

त्यांच्यामागे उरलेला प्रश्न मात्र चरित्रापेक्षा मोठा आहे. मशे यांच्या यशानंतर डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांतील कित्येक तरुणांनी काडी हाती घेतली आणि चित्रांवर संसार उभे केले. ज्या समाजाला लग्नाच्या कर्जापायी माणूस गहाण टाकावा लागे, त्या समाजाला आपल्याच लग्नाच्या चित्रातून भाकर मिळू लागली, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याबरोबर दुसरेही घडले. तारप्याचा फेर आणि दोन त्रिकोणांची माणसे चहाच्या पेल्यांवर, पडद्यांवर, पिशव्यांवर आणि शहरातील कुंपणाच्या भिंतींवर उमटू लागली. त्यांतील पुष्कळ आकृती वारल्यांनी काढलेल्या नसतात, आणि त्यांचे पैसेही वारल्यांकडे जात नाहीत. वारली चित्रकलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनामुळे हे नाव कायद्याने आपल्या भूमीशी आणि माणसांशी जोडले गेले आहे. परंतु दोन त्रिकोण कोणालाही काढता येतात, त्यांना अडविणे कायद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेथे घेणाराची नजरच उपयोगी पडावयाची. रेघेत चाल आहे की नुसता नमुना आहे, एवढे पाहावयास शिकले तरी पुष्कळ झाले.

दुसरा प्रश्न बायकांचा. शेकडो वर्षे ज्यांनी चौक लिहिले त्यांच्यापैकी एकीचेही नाव कोठे नोंदलेले नाही. भिंती पडल्या, चित्रे गेली, नावे तर मुळात मागितलीच नव्हती. कागद आला, बाजार आला, सही आली, आणि सही करावयास पुढे आले ते बहुतांशी पुरुष. याचा दोष मशे यांच्याकडे जात नाही. त्यांनी ही कला मिळविली ती बायकांच्या शेजारी बसून, आणि त्यांच्या चित्रांतून ती गुरुपरंपरा लपलेली नाही. पुढे काही वारली स्त्रियांनीही कागदावर चित्रे काढून नाव मिळविले. तथापि वारली चित्र पाहताना एका थोर चित्रकाराबरोबरच भिंतीसमोर बसलेल्या त्या अनाम सवाशिणींचे स्मरण ठेवणे हे रसिकतेचे कर्तव्य ठरते.

एवढे जाणून घेतल्यावर वारली चित्रासमोर उभे राहण्याची रीत निराळी होते. प्रथम दुरून सगळा फेर पाहावा. मग जवळ जाऊन एकच आकृती निवडावी. धान्य पाखडणारी एखादी बाई असेल, नांगराचा एखादा बैल असेल, नाही तर वारुळाकडे निघालेली एखादी मुंगी. तिच्याबरोबर थोडे चालावे. ती कोठून आली, कोणते काम करीत आहे, तिच्या मागे कोण आहे हे चित्र स्वतःच सांगू लागते. जिव्या सोमा मशे यांनी बोलणे टाकले होते तेव्हाही धुळीतल्या रेघांतून लोकांना त्यांचे म्हणणे कळत असे. कापडावरच्या रेघांतून ते आजही कळते, मात्र पाहणाराने घाई करता कामा नये.